ओटीजीमध्ये चिकन विंग्ज कुरकुरीत का होत नाहीत? कातडी चिवट राहते

हळदपान
३० लिटरचा ओटीजी आहे, वर-खाली दोन्ही रॉड आणि पंखा. १ किलो विंग्जना आलं-लसूण पेस्ट, दही, लाल तिखट, मीठ लावून रात्रभर मुरवते आणि २०० अंशांवर ४० मिनिटं भाजते. आतून छान शिजतात, पण कातडी चिवट राहते आणि ट्रेमध्ये पाणी साठतं. तापमान वाढवलं तर मसाला काळा पडतो, कातडी तशीच. तळायचे नाहीत. बेकिंग पावडर लावतात असं वाचलं. किती लावायची? चव बिघडत नाही का?

खरपूस
आधी दही आणि पेस्ट बंद करा. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही, त्यामुळे कातडी भाजली न जाता वाफवली जाते. पाणी आटेपर्यंत लसूण आणि तिखट करपून जातं.

१ किलोसाठी प्रमाण: बेकिंग पावडर ३ सपाट छोटे चमचे, मीठ पाऊण छोटा चमचा, मिरपूड. पावडरीत सोडियम असतंच, म्हणून मीठ याहून जास्त नको. विंग्ज धुतले असतील तर किचन टॉवेलने सांध्यांच्या खाचांतूनही पुसून कोरडे करा. मोठ्या भांड्यात पावडर भुरभुरवून चोळा. पांढरे गठ्ठे राहिले तर तिथे तुरट लागतं.

पावडर दोन कामं करते. ती किंचित अल्कधर्मी असल्याने कातडीतली प्रथिनं लवकर सैल होतात आणि रंग लवकर चढतो. शिवाय ओलाव्याशी मिळून वायूचे बारीक बुडबुडे होतात, त्यामुळे पृष्ठभाग खडबडीत, खुसखुशीत होतो. खायचा सोडा मात्र वापरू नका, तितक्याच प्रमाणात तो साबणासारखा लागतो. डब्यावरचे घटकही वाचा: ५२१ किंवा ५४१ हे आकडे असतील तर त्यात ॲल्युमिनियमचे क्षार आहेत आणि धातूसारखी चव येऊ शकते. ४५० किंवा ३४१ असलेली पावडर बरी.

मग ट्रेवर फॉइल, त्यावर ओटीजीसोबत आलेली जाळी, जाळीला तेलाचा हात, आणि विंग्ज एकमेकांना न चिकटवता कातडीची बाजू वर. खालच्या खाचेत १२० अंशांवर ३० मिनिटं. या टप्प्यात चरबी वितळून खाली गळते. चरबी तशीच राहिली तर कातडी कुरकुरीत होणं शक्यच नाही, म्हणून हा टप्पा गाळू नका. नंतर ट्रे मधल्या खाचेत, २२० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, एकदा उलटवून.

जाळीवर_ठेवा
वरचं सगळं बरोबर. ओटीजीबद्दल थोडी भर.

३० लिटरच्या ओटीजीत १ किलो एका वेळी दाटीवाटीचं होतं. दोन घाण्यांत करा, नाहीतर वाफ आतच कोंडते. धूर होऊ नये म्हणून ट्रेमध्ये पाणी ओतायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. १२० अंशांचा टप्पा झाला की गळलेली चरबी फॉइलसकट काढून नवं फॉइल घाला, धूर कमी होईल. पंखा चालू असेल तर २२० ऐवजी २०५-२१० पुरे. ओटीजीच्या बटणावरचा आकडा पुष्कळदा खरा नसतो. आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर घेतला तर अंदाजाने करपवणं थांबतं.

वेळ असेल तर पावडर लावून ८ ते २४ तास फ्रीजमध्ये उघडे ठेवा, सगळ्यांत खालच्या कप्प्यात, म्हणजे कच्च्या चिकनचं पाणी दुसऱ्या अन्नावर गळणार नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये हवा फिरते, कातडी छान सुकते. साध्या फ्रीजमध्ये ती तेवढी सुकत नाही. तिथे १२० चा टप्पा १० मिनिटं वाढवा.

हळदपान
म्हणजे आपली चव कुठून आणायची? नुसतं मीठ-मिरपूड घरात कोणी खाणार नाही. आणि आमचा चिकनवाला विंग्ज कातडी सोलूनच देतो.

खरपूस
कापायच्या आधीच 'कातडीसकट, गरम पाण्यातून पिसं काढून' असं सांगा. सोललेल्या विंग्जना या पद्धतीचा काहीच उपयोग नाही. टोकं छाटून सूपला ठेवा, मधला आणि खांद्याकडचा भाग सांध्यावर वेगळा करा.

चव भाजल्यावर द्यायची. अमेरिकेतल्या बफेलो शहरात अँकर बारमध्ये १९६४ पासून या विंग्ज मिळतात, तिथेही सॉस तळून झाल्यावरच लागतो. आपल्याकडे २ मोठे चमचे बटर मंद आचेवर वितळवून त्यात ५-६ लसूण पाकळ्या बारीक चिरून घाला, गॅस बंद करून दीड छोटा चमचा मालवणी मसाला. तो भाजलेलाच असतो, वेगळा शिजवावा लागत नाही. बटर खारं असेल तर वर मीठ नको. गरम विंग्ज त्यात घोळवा, लिंबू पिळा आणि लगेच वाढा. झाकण ठेवलंत तर दहा मिनिटांत पुन्हा मऊ पडतील.

जाळीवर_ठेवा
मध किंवा गूळ घालणार असाल तर शेवटच्या ५ मिनिटांतच. आणि शिजण्याची भीती नको: ७४ अंशांना चिकन सुरक्षित होतं, पण विंग्ज आतून ८५-९० पर्यंत गेलेले चांगले. सांध्याजवळचं मांस तेव्हाच हाडापासून सुटतं.