चारी बाजूंनी समुद्र, तरी मालदीवच्या विहिरींना गोडे पाणी कसे?

प्रश्न – भूगोल शिक्षक, दर्यापूर तालुका
मी खारपाणपट्ट्यातील एका गावात शिकवतो. मालदीवचा धडा चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, की समुद्र शेकडो कोस दूर असूनही आपल्या बोअरला खारे पाणी लागते, तर समुद्राच्या मध्यात, जेमतेम दीड मीटर उंचीच्या आणि नदी नसलेल्या बेटावर माणसे पिढ्यान्‌पिढ्या विहिरीचे पाणी कसे पीत आली? मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – निवृत्त भूजल सर्वेक्षक, अमरावती
गुरुजी, मुलीचा प्रश्न नेमका आहे. प्रवाळाच्या वाळूतून झिरपलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगते, कारण गोड्या पाण्याची घनता 1.000 धरली तर समुद्राच्या पाण्याची सुमारे 1.025 असते. या फरकामुळे भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर जितकी असेल, त्याच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत गोडे पाणी उतरू शकते. बाडोन खैबेन हा डच आणि हर्झबर्ग हा जर्मन, अशा दोघांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. गोड्या पाण्याच्या या थराचा आकार मसुराच्या दाण्यासारखा असतो, मध्ये फुगीर आणि काठाला निमुळता. मात्र भरती-ओहोटीने दोन्ही पाणी सतत मिसळत राहते आणि खालचा जुना चुनखडक फार सच्छिद्र असतो, त्यामुळे लहान बेटांवर हा थर सूत्राने येतो त्याहून बराच पातळ भरतो. उलट बाजूही ध्यानात घ्यावी: उपशाने पातळी एक हात उतरली, की खालचे खारे पाणी चाळीस हात वर सरकू पाहते. म्हणून तिथे दोरी-बादलीची विहीर टिकली आणि मोटारपंप आल्यावर ती बिघडू लागली.

उत्तर – कृषी पदवीधर, तेल्हारा
यात थोडी भर घालतो. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने मालदीवच्या अनेक बेटांवरील हा थर खारा केला. राजधानी माले तर समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या संयंत्रावरच अवलंबून आहे. डिसेंबर 2014 मध्ये त्या संयंत्रात आग लागली, तेव्हा भारताने विमानांनी व जहाजांनी पिण्याचे पाणी पोहोचवले होते. आपण अल निनोचा, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापण्याचा, धसका घेतो, पण त्याच महासागराच्या मध्यातील तुवालू या बेटांच्या देशात 2011 मध्ये ला निनाच्या, म्हणजे उलट ते पाणी थंड होण्याच्या, काळात पाऊस आटला आणि पाण्यासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली.

शिक्षक
दोघांचेही आभार. मग आमचे खारेपण याच जातीचे समजावे काय?

निवृत्त भूजल सर्वेक्षक
नाही. तुमच्याकडील पूर्णा नदीच्या खोऱ्यातील क्षार तिथल्याच जाड गाळात आहेत. चिकणमातीमुळे निचरा होत नाही, त्यामुळे ते धुऊन जात नाहीत. आजच्या समुद्राचा त्याच्याशी संबंध नाही. साम्य एवढेच, की पावसाचे मुरलेले पाणी वरच्या थरात राहते; म्हणून उथळ विहिरीतून थोडे-थोडे पाणी काढणे खोल बोअरपेक्षा बरे. वर्गात काचेच्या पेल्यात मिठाचे पाणी घेऊन चमच्याच्या पाठीवरून रंगीत गोडे पाणी हळू सोडावे, म्हणजे दोन थर दिसतील. ओतताना हात हलला की मिसळलेच, तेवढी काळजी घ्या.