भाऊ 27 वर्षं मठात सेवेकरी, आता हॉस्पिटलचं बिल कोणी भरायचं?

मिरजेची_ताई
नमस्कार, जरा लांब लिहितेय, सांभाळून घ्या. माझा मोठा भाऊ, आम्ही अण्णा म्हणतो, 1998 ला नोकरी सोडून एका मठात राहायला गेला तो गेलाच. लग्न केलं नाही. कोठी त्याच्याकडे, म्हणजे धान्य, तेल, महाप्रसादाचा सगळा हिशेब, उत्सवात हजारोंच्या पंगती उठायच्या आणि हा रात्री दोनला भांडी मोजत बसलेला. पगार नाही, राहणं-जेवण मठाचं आणि हातखर्चाला थोडेफार. वय आता 57. गेल्या महिन्यात काकड आरतीच्या वेळी छातीत दुखायला लागलं, शहरात आणलं, एक स्टेंट टाकला, बिल 2 लाखाच्या वर. मठाने 25 हजार दिले आणि एक विश्वस्त मला म्हणाले, "तुम्ही घरचे आहातच की."

आता दुसरा ब्लॉकेज आहे, डॉक्टर म्हणतात सहा आठवड्यांनी करू. मिस्टरांच्या कंपनीच्या पॉलिसीत भाऊ बसत नाही. रेशनकार्डावरचं त्याचं नाव आई गेल्यावर कमी झालं. आता नवीन मेडिक्लेम मिळेल का? आणि मठाची काही जबाबदारी लागते की नाही? अण्णाकडे विषय काढला की म्हणतो "मी काय पगारावर होतो का?"

जुना_आरोग्यमित्र
ताई, मेडिक्लेमच्या मागे आत्ता धावू नका. नवीन पॉलिसी मिळाली तरी आधीपासूनच्या आजाराला वेटिंग पिरियड लागतो, जास्तीत जास्त 3 वर्षं, म्हणजे हा ब्लॉकेज त्यात बसणारच नाही. पुढच्यासाठी घ्या हवं तर, 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी नाही. पण भावाच्या प्रीमियमवर तुम्हाला आयकरातली 80डी ची सूट मिळत नाही हे माहीत असू द्या, त्यात भाऊ-बहीण येत नाहीत.

तुमचं खरं काम रेशनकार्डाचं आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत 2024 पासून पांढरं कार्डवालेपण आले, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, अँजिओप्लास्टी त्यात आहे. पण नाव कार्डावर पाहिजे. उद्याच तहसीलला पुरवठा विभागात जा आणि विचारा, तुमच्या कार्डात नाव चढवायचं की मठाच्या पत्त्यावर त्यांचं वेगळं कार्ड काढायचं, आधीचं नाव कमी झाल्याचा दाखला शोधून ठेवा, तो नसला की फाइल तिथेच अडते. आणि योजना कॅशलेस आहे, भरलेलं बिल परत मिळत नाही, त्यामुळे पहिल्या स्टेंटचे पैसे विसरा. दुसऱ्याच्या वेळी योजनेत असलेलंच हॉस्पिटल बघा आणि अ‍ॅडमिट होताना आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलमधल्या माणसाला गाठा, डिस्चार्जच्या दिवशी नाही. लोक डिस्चार्जलाच येतात हो, दहा वर्षं हेच बघितलं.

कार्ड वेळेत नाही झालं तर धर्मादाय हॉस्पिटल. 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत, 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांच्या आत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांपर्यंत दुर्बल. अण्णांचं उत्पन्न शून्यच आहे, पण तसा तहसीलदारांचा दाखला लागेल.

नामस्मरण
सेवा म्हणून गेले ना? मग आता मठाकडे हिशेब मागायचा हे पटत नाही. महाराज बघतात सगळं.

मिरजेची_ताई
दादा, महाराजांबद्दल काही म्हणणं नाही. कोठीतल्या गुळाच्या ढेपेचा हिशेब मात्र अण्णाकडून दर महिन्याला मागायचे, तेव्हा कुणाला वाईट वाटलं नाही.

वसईवाली
माझी मावशी नन आहे, 40 वर्षं झाली. शाळेत शिकवायची, पगार जायचा संस्थेत, तिच्या हातात काही नाही, गरिबीचं व्रत असतं. पण आजारी पडली की मदर हाऊसमध्ये वृद्ध सिस्टर्सची वेगळी खोली, औषधं, बघायला तरुण सिस्टर्स, घरच्यांकडे एक रुपया मागत नाहीत. हे कुणाच्या मनावर सोडलेलं नाही, कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, त्याच्या कलम 670 मध्ये लिहिलंय की सदस्याला लागेल ते संस्थेने पुरवायचं. अर्थात त्यातही गोम आहे. सोडून गेलं तर कलम 702 प्रमाणे केलेल्या कामाचं काही मागता येत नाही, फक्त संस्थेने न्यायाने आणि दयेने वागावं एवढंच आहे. तेव्हा सगळं गोड आहे असं नाही, पण आत राहणाऱ्याचं काय ते ठरलेलं तरी आहे. तुमच्या अण्णांना मठात घेताना त्यांनी काही लिहून दिलं होतं का?

कोल्हापूर_पेठ
मी एका छोट्या देवस्थानचा विश्वस्त आहे, आमची बाजू सांगतो. पगार दाखवला की सेवेकरी कामगार होतो, मग पीएफ आला, ईएसआय म्हणजे कामगार विमा आला, म्हणून बरेच ट्रस्ट 'मानधन' हा शब्द धरून बसतात आणि आजारपणाचा विषयच काढत नाहीत. लबाडी असतेच असं नाही, नुसती टाळाटाळ. आमच्याकडे एक सेवेकरी पॅरालिसिसने पडले तेव्हा डोळे उघडले. आता राहणाऱ्या सगळ्यांची ग्रुप मेडिक्लेम ट्रस्टच्या नावाने आहे आणि तसा ठराव करून प्रोसीडिंग बुकात घेतलाय. ताई, तुम्ही भांडायला जाऊ नका, लेखी अर्ज द्या: किती वर्षं सेवा, कुठलं काम, उपचाराचा अंदाजे खर्च, आणि पुढच्या सभेत विषय घ्यावा. तोंडी बोललं की 25 हजार मिळतात, कागद गेला की निदान चर्चा होते.

मठात 70 च्या वरचं कोणी असेल तर मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून द्या, आधार पुरतं, उत्पन्न बघत नाहीत. तरुण पोरांना अटल पेन्शन, 40 च्या आत असतील तरच घेतात. आणि वर्षाला 20 रुपयांचा सरकारी अपघात विमा तरी 70 च्या आतल्या सगळ्यांचा करा, भटारखान्यात काय होईल सांगता येत नाही.

जुना_आरोग्यमित्र
एक राहिलं, अण्णा भजन-कीर्तन करतात का? करत असतील तर ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांची मानधन योजना आहे, 50 वर्षांवरच्यांना महिना 5 हजार. पण 15 वर्षांचे पुरावे लागतात, पत्रिका, कात्रणं, फोटो.

मिरजेची_ताई
कीर्तन नाही, पण दर गुरुवारी पखवाज त्याचाच असतो! उत्सवाच्या पत्रिकांत नाव छापलेलं आहे, जुन्या पत्रिका कोठीतच एका ट्रंकेत आहेत म्हणे. मिस्टर सोमवारी तहसीलला जातायत. अर्ज मी लिहिला, सही अण्णाची पाहिजे होती. काल दोन तास गप्प बसला, मग म्हणाला "माझ्या एकट्यासाठी नको, आत सहा जण आहेत, सगळ्यांची नावं घाल." आता तो अर्ज परत लिहितेय.