मदत हवी आहे : पणजोबांचं मोडीतलं खत वाचून द्याल का?

नमस्कार मंडळी. मी लालबागला राहतो, मूळ गाव सातारा जिल्ह्यात. आजोबा गिरणीत लागले तेव्हा गावाहून आणलेली पत्र्याची ट्रंक परवा उघडली. तळाशी स्टॅम्पपेपरवर मोडीत लिहिलेलं खत निघालं, शके 1807 चं, म्हणजे साधारण 1885. घड्यांवर कागद फाटत चाललाय, हात लावायची भीती वाटते.

ओळखीच्या एका काकांनी थोडंफार लावून दिलं. जमिनीच्या चतुःसीमा आहेत, पूर्वेस ओढा. खाली बैलजोडीचा उल्लेख, एक तांबडा, एक बांडा. पुढची रक्कम रुपये-आण्यांत आहे, पण आकडा त्यांना लागला नाही.

माझी खरी अडचण ही की जमीन कायमची विकली की गहाण टाकली? 1875 च्या शेतकऱ्यांच्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांनंतर 1879 चा डेक्कन शेतकरी कायदा आला, तो साताऱ्यालाही लागू होता. शेतकऱ्यांची खतं गावच्या रजिस्ट्रारसमोर नोंदवावी लागत, आणि कोर्टाला कर्जाचा मागचा सगळा हिशेब उकरता येत असे. कारण बरीच ‘विक्री’ मुळात सावकाराकडचं गहाणच असायची. आमच्या खतात पैसे फेडून जमीन सोडवायच्या मुदतीची अट आहे का, एवढं कळलं तरी पुरे. आजी शेवटपर्यंत म्हणायची, “रान विकलं नव्हतं.”

मुंबईत कुणी मोडी जाणकार आहे का? नोंद शोधायला काळा घोड्याच्या पुराभिलेखागारात जाऊ की साताऱ्याला? फोटो पाठवतो. योग्य ते मानधन आनंदाने देईन.