मदत हवी आहे: कँडी संपली, पण आकाशकंदील चालू!

आम्ही अमेरिकेतल्या आयोवात, डे मॉइन शहराजवळच्या एका लहान गावात राहतो. इथे हॅलोविनला सोंगं घेऊन दारोदार फिरणारी पोरं नुसती 'ट्रिक ऑर ट्रीट' (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) म्हणत नाहीत, दारात उभं राहून विनोद सांगतात आणि मग कँडी घेतात. डे मॉइनमध्ये 1938 पासूनची ही 'बेगर्स नाइट'ची पद्धत. विनोद बहुतेक रद्दी, पण हसावं लागतंच.

दाराबाहेरचा दिवा चालू म्हणजे 'या', बंद म्हणजे 'पुढचं घर बघा', हा इथला अलिखित नियम. मागच्या वर्षी सव्वासातलाच कँडी संपली. दिवा बंद केला, पण कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत उतरवत नाही, त्यामुळे बेल वाजतच राहिली. एक छोटा डायनासोर अख्खा विनोद सांगून पिशवी उघडून उभा! शेवटी डब्यातली पेन्सिल दिली.

दारावर 'संपली' अशी चिठ्ठी लावून पाहिली. अंधारात कोणी वाचत नाही. रिकामं भांडं पायरीवर ठेवलं, तरी बेल. घरचं काही देता येत नाही, लोक बंद पाकिटातलंच घेतात. जास्त कँडी आणा म्हणाल, तर दोन मोठ्या पिशव्या आणल्या होत्या.

कंदील न विझवता 'आता नाही' हे लांबूनच कळेल असं तुम्ही काय करता?