डिझेल पाणबुडीने विमानवाहू नौका 'बुडवली', या निकालाला किती किंमत द्यायची?

पेरिस्कोपराव (धागाकर्ता):
२००५ साली अमेरिकेने स्वीडनची गॉटलंड ही पाणबुडी खलाशांसकट भाड्याने घेतली आणि सॅन दिएगोच्या बाजूला झालेल्या सरावात तिने रोनाल्ड रेगन या अमेरिकी विमानवाहू नौकेला गाठून चक्क 'बुडवलं'. साठेक मीटर लांबीची बोट, आत तीसेक माणसं, आणि समोर लाख टनाच्या आसपासचं धूड, भोवती विनाशिका, हेलिकॉप्टरं, सगळा लवाजमा. त्याआधी १९९९ ला डच पाणबुडी वॉलरसने रूझवेल्ट या विमानवाहू नौकेला असंच टिपलेलं, २००१ ला जर्मन पाणबुडी यू-२४ ने एंटरप्राइजला. तीन देश, तीन बोटी, निकाल तोच. माझं मत सरळ आहे, बॅटरीवर गुपचूप बसलेल्या पाणबुडीपुढे हा सगळा बचाव आंधळा आहे. कुणाला पटत नसेल तर या मैदानात.

हिशेबनीस:
आलो. सरावाचं पाणी आखून दिलेलं असतं हो. नौकेला त्याच चौकटीत फिरायचंय हे पाणबुडीला आधीच माहीत असतं, मग ती वाटेत बसून राहते आणि आपण टाळ्या वाजवतो. खऱ्या समुद्रात काय होईल ते बघा. गॉटलंडचं स्टर्लिंग इंजिन सोबत नेलेल्या द्रवरूप ऑक्सिजनवर चालतं, बाहेरची हवा लागत नाही, त्यामुळे दोनेक आठवडे पाण्याखाली राहता येतं हे खरं, पण ते साधारण पाच नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). विमानवाहू नौका तीस नॉटने पळते, म्हणजे ती तासात जाईल तेवढं जायला पाणबुडीला सहा तास. आणि वेग वाढवायचा म्हटलं तर ताकद वेगाच्या घनाने लागते, पाचाचे वीस नॉट करायला चौसष्ट पट! बॅटरी तासा-दोन तासात झोपेल. पाठलाग नाही करू शकत ती, फक्त दबा धरू शकते.

शंकासुर:
बेसिक प्रश्न आहे, हसू नका. अणुपाणबुडी एवढी महागडी, मग डिझेलवाली जास्त शांत कशी काय?

पेरिस्कोपराव:
@शंकासुर अणुभट्टी घरातल्या दिव्यासारखी बटण दाबून बंद होत नाही, थंड ठेवायचे पंप, टर्बाइन, काही ना काही घरघरत राहतंच. डिझेलवालीची इंजिनं बंद करून बॅटरीवर गेलं की मोटर आणि हळू फिरणारा पंखा, बास.
@हिशेबनीस चौकटीचं बोलताय, मग १९७१ चं काय? ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली तिथे कुणी चौकट आखली होती? आणि खुकरी पाणबुडी शोधायलाच निघालेली, बेसावध नव्हती.

हिशेबनीस:
खुकरीबद्दल बोलताना जरा जपून, १९० च्या वर माणसं गेली त्यात. पण उदाहरण माझ्या बाजूचं आहे. पाणबुडीचा सोनार (आवाजावरून पाण्यात शोध घेणारं यंत्र) लांबचं ऐकत होता, जहाजाचा जवळचं. बचाव जुनाट होता म्हणून ती हरली, बचाव या प्रकारालाच अर्थ नाही असं त्यातून कुठे निघतं?

दर्यावर्दी७७:
दोघंही ब्रिटन-अर्जेंटिनाचं फॉकलंड युद्ध विसरलात. १९८२, अर्जेंटिनाची सान लुईस, एकटी डिझेल बोट. टॉर्पेडो सोडले, एकही नीट लागला नाही, नेमबाजीचा संगणक बिघडलेला, टॉर्पेडोला दिशा देणाऱ्या तारा तुटलेल्या. पण ब्रिटिशांनी तिच्या धास्तीने पाण्यात एवढा दारूगोळा ओतला की त्यात देवमासेही सापडले म्हणतात, आणि बोट सुखरूप बंदरात परत! आता सांगा कोण जिंकलं? मला तर वाटतं सरावात मोजायला हवं ते हेच, बुडवलं की नाही याच्याऐवजी समोरच्याची किती हेलिकॉप्टरं, किती दिवस अडकून पडली.

पिंगपाँग:
सगळे पाणबुडीच्या आत बसून लिहिताय, जरा हेलिकॉप्टरमध्ये या. वरचं पाणी कोमट आणि खालचं गार असलं की मधल्या थरावर आवाज वाकतो, जहाजाच्या पोटातला सोनार थराखाली बहिरा होतो. पाणबुडी तिथेच लपते. हेलिकॉप्टर मात्र एका जागी घोंघावत केबलवरून सोनार खाली सोडतं, थराच्या खाली, पिंग (आवाजाचा ठोका) मारतं, वर ओढतं, पुढे जाऊन परत सोडतं. पाणबुडीला पिंग ऐकू येतो पण पुढची डुबकी कुठे पडणार ते कळत नाही, आणि पिंगला तुमच्या शांततेशी काही देणंघेणं नाही, तो अंगावर आपटून परत येतो. गॉटलंड चांगली होती म्हणूनच तिचा करार वाढवून २००७ पर्यंत ठेवून घेतली ना, तिच्यावर हात बसवायला.

पेरिस्कोपराव:
पिंगचा मुद्दा मान्य, पाच नॉटचाही मान्य. पण नौकेला सामुद्रधुनीतूनच जायचं असेल तर पाणबुडीला पळायची गरज काय? आणि उथळ पाण्यात तुमचा पिंग तळावरच्या खडकावरून, बुडालेल्या भंगारावरूनही परत येतो, मग बसा निवडत.

हिशेबनीस:
मग नौका आत शिरायच्या आधी दोन दिवस गस्ती विमानं तिथे घिरट्या घालतील, पाणबुडीने स्नॉर्केल (डिझेल इंजिनासाठी हवा ओढायची नळी) वर काढला की रडारवर ठिपका.

पेरिस्कोपराव:
अहो, दोन आठवडे पाण्याखाली राहते हे तुम्हीच वर लिहिलंय. दोन दिवसांसाठी ती स्नॉर्केल काढेल कशाला?