ताक ओतून मॉस उगवत नाही, आणि आंबोलीचं खरवडून तर आणूच नका

चिरेबंदी:
नीरफणस यांचा कालचा धागा वाचून डोकं फिरलं म्हणून हा वेगळा काढतोय, तिथे लिहिलं असतं तर वाहव्वांच्या ढिगाखाली गेलं असतं. त्यांची रेसिपी अशी की आंबोलीहून गोणीभर मॉस खरवडून आणा, ताक घालून मिक्सरात फिरवा, मागच्या सावलीत ओता, दिवसातून तीनदा पाइप मारा, झाली घरच्या घरी जपानातल्या क्योतोसारखी मॉसची बाग.

अहो, ताकाने बुरशी येते आणि मुंग्या येतात. मॉसला मुळं नसतात, धरून ठेवायला नुसते केसासारखे तंतू, पाणी ते पानांनीच पितं. त्याला ताक पाजून काय करणार? आणि आंबोलीत सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वर धुकं, तिथे झाडाच्या सालीवर वाढलेलं ते कुडाळच्या मातीवर मे महिन्यात काय जीव धरणार. सालीवरचं सालीवर, दगडावरचं दगडावर, बहुतेक जातींचं असंच असतं.

कोकणात मॉस लावायला लागत नाही हो, आपण मधे मधे करणं थांबवायला लागतं. आमच्या मागीलदारी पोफळींच्या सावलीतला पट्टा खणणं बंद केलं, शेणखत बंद केलं (खताने तण माजतं आणि मॉस दबतं), पावसाआधी माती चोपण्याने चोपून घट्ट केली, पातेरा हिराच्या झाडूने हलक्या हाताने काढत राहिलो कारण पानांच्या थराखाली ते मरतं, आणि तण हाताने उपटलं. बस. गडग्याच्या चिऱ्यांवर ते आधीपासून होतंच, जांभा पाणी धरून ठेवतो, तिथून बीजाणू येतातच. पसरवायची घाई असेल तर स्वतःच्याच कंपाउंडातला, तसल्याच मातीवरचा तुकडा उचला आणि ओल्या जमिनीवर पायाने दाबून बसवा.

दिवाळीनंतर ते सुकून तपकिरी होणार. मेलेलं नसतं. वळवाची एक सर आली की बघता बघता हिरवं होतं. उन्हाळ्यात विहीर उपसून पाणी मारू नका, पुढच्या आळीत टँकर येतो.

नीरफणस:
गोणीभर नव्हतं, दोन पिशव्या. आणि रस्त्याकडेच्या दरडीवरचं काढलं, ते काय कोणाच्या बापाचं आहे? माझ्याकडे आत्ता मस्त हिरवं आहे, फोटो टाकू का? लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

चिरेबंदी:
ऑगस्ट चालू आहे साहेब. ऑगस्टात आमच्या स्कूटरच्या सीटवर पण हिरवं आहे. फोटो फेब्रुवारीत टाका.

कोर्टाची_पायरी:
बापाचं विचारलंत म्हणून सांगतो. भारतीय वन अधिनियम १९२७, कलम २(४). जंगलातून येणाऱ्या वनोपजाच्या व्याख्येत गवत, वेलींच्या जोडीला मॉस चक्क नाव घेऊन छापलंय. ती दरड वनहद्दीत येत असेल तर बाप आहे, आणि त्याच्याकडे पावतीपुस्तक पण आहे.

शैला_रत्नागिरी:
तुम्हा पुरुषांना हिरवं बघायला छान वाटतं. आमच्या सासूबाई विहिरीवरून येताना असल्याच शेवाळावर घसरल्या आणि खुबा मोडला, त्यानंतर सगळं मलाच करायला लागलं. आमच्याकडे दर श्रावणात ब्लीचिंग पावडर मारतात आणि यापुढेही मारणार.

चिरेबंदी:
शैलाताई, वाईट झालं. पण पाय सरकतो तो बुळबुळीत थर वेगळा, मॉसची गादी वेगळी. आणि वाटेवर दोन्ही नकोतच, वाट खराट्याने घासायचीच. मी चालायच्या जागेबद्दल बोलतच नाहीये.

शैला_रत्नागिरी:
पडणारा माणूस आधी खाली वाकून जात तपासत नाही.

मातीचं_खळं:
खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे. सगळ्यांनी खळ्यात, म्हणजे अंगणात, पेव्हर ब्लॉक घातलेत. पाणी मुरत नाही, पागोळ्यांचं पाणी सगळं रस्त्यावर, मार्चमधे विहिरी खडखडीत. मॉस कुठून येणार, माती शिल्लक आहे कुठे? आमच्या आजीच्या वेळी खळं सारवलेलं असायचं, तुळशीजवळ बसलं की गार वाटायचं.

शैला_रत्नागिरी:
सारवायचं कोणी? आजीने ना? आजोबा सारवत होते का?

मातीचं_खळं:
तुम्ही विषय भलतीकडे नेताय.

शैला_रत्नागिरी:
विषय पेव्हरवर कोणी नेला? तुम्ही गणपतीला मुंबईहून पाच दिवस येता, फोटो काढता, आणि आम्ही वर्षभर शेण कालवायचं. हवंय ना सारवलेलं खळं, या मग दर आठवड्याला.

मातीचं_खळं:
चाकरमान्यांना शिव्या घालायची फॅशनच झालीय. गावातली अर्धी घरं आमच्या पैशावर उभी आहेत.

कोर्टाची_पायरी:
आणि उरलेल्या अर्ध्यांचे सातबारे माझ्याकडे आहेत. मूळ विषयावर या.

सिअ‍ॅटलचा_बंड्या:
इकडे उलटं आहे. पावसाळी हिवाळा, सावली, आम्लट माती, त्यामुळे लॉनमधे मॉस आपोआप येतं आणि लोक लोहाचं सल्फेट मारून ते काळं करतात. मी मारणं सोडलं, शेजारी बघतात माझ्याकडे. शैलाताईंचा मुद्दा मात्र बरोबर आहे, माझ्या लाकडी पायऱ्यांवरचं मी घासतोच.

चिरेबंदी:
ज्या क्योतोचं नीरफणसांना एवढं कौतुक, तिथलं साइहोजी देऊळ घ्या. त्याच्या बागेत शंभराहून जास्त जातींचं मॉस. ते कोणी मिक्सरात फिरवून ओतलेलं नाही, देखभालीला पैसे नव्हते म्हणून बाग तशीच राहिली आणि मॉस स्वतःहून पसरलं. आता मात्र माणसं झाडू घेऊन पानं काढत असतात. तुमच्याकडे पैसे आहेत हीच अडचण आहे.

मातीचं_खळं:
सारवण गड्याकडून पण करून घेता येतं, एवढंच म्हणायचं होतं.

शैला_रत्नागिरी:
गडी! कुठल्या गावात मिळतो ते कळवा, आम्ही पण घेऊ एक.

नीरफणस:
बरं बाबा, सगळे शहाणे. ताक ओतलेला भाग पांढरा पडलाय आणि वास मारतोय, एवढं मान्य करतो, झालं समाधान? बाजूला नुसती माती होती तिथलं बरं आलंय, ते माझ्यामुळे नाही असं म्हणणार असाल तर म्हणा. आंबोलीला परत जाणार नाही, पण ते कायद्याला घाबरून नाही, पेट्रोल परवडत नाही म्हणून. आता ते चोपणं कुठे मिळतं ते सांगा, बाजारात विचारलं तर दुकानदार हसला.

शैला_रत्नागिरी:
आमच्या माळ्यावर दोन पडलीत. एक घेऊन जा. येताना खराटा आणा, विहिरीची वाट घासायची आहे.