अमेरिकेतील ग्राहकासाठी गोदाम नेमके कुठे असावे? (कोल्हापुरी चपलांच्या निर्यातीवर तिघांनी टोपणनावांनी केलेली चर्चा)

सागरमार्ग:
२९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी सर्व देशांसाठी बंद केली. आपल्या टपाल खात्यानेही त्याच सुमारास तिकडची पार्सले घेणे थांबवले आणि ती सेवा ऑक्टोबरच्या मध्यास पुन्हा सुरू केली. आता प्रत्येक पार्सलावर शुल्क भरावेच लागणार असेल, तर एकेक नग विमानाने पाठवण्यात काय हशील आहे? माझे स्पष्ट मत असे की, कोल्हापुरी चपला विकणाऱ्या लहान निर्यातदारांनी एकत्र येऊन न्हावा शेवाहून समुद्रमार्गे माल पाठवावा आणि न्यू जर्सीतील भाड्याच्या सामायिक गोदामात ठेवावा. नेवार्कचे बंदर जवळ आहे, कस्टमचे सोपस्कार एकदाच होतात, आणि पुढचा सगळा प्रवास देशांतर्गत पार्सलाचा असल्यामुळे ग्राहकाच्या दारात कोणी शुल्क मागत नाही. शिवाय शुल्क किरकोळ विक्रीच्या किमतीवर न लागता घाऊक किमतीवर लागेल.

चर्मशिल्प:
शेवटचा मुद्दा आपण फार सहज गृहीत धरला आहे. आपलाच माल आपण आपल्याच गोदामात पाठवतो तेव्हा विक्री झालेलीच नसते, त्यामुळे बिलावर लिहिलेली किंमत तिकडचे कस्टम निमूट मान्य करील असे नाही. तेथील विक्रीच्या किमतीतून नफा व खर्च वजा करून मूल्य काढण्याची पद्धतही लागू होऊ शकते. परदेशी व्यापाऱ्याला स्वतःच्या नावावर आयात करायची तर तेथील एजंट नेमावा लागतो आणि शुल्क बुडणार नाही याचे हमीपत्रही द्यावे लागते; वार्षिक हमीपत्र किमान ५०,००० डॉलरचे असते. तेवढी रक्कम रोख भरावी लागत नाही हे खरे, परंतु त्याचा हप्ता चुकत नाही.

त्याहून मोठी अडचण मापांची आहे. कापशी या कोल्हापुरी चपलेच्या प्रकाराचा एकच नमुना घेतला, तरी पुरुषांची सहा मापे, बायकांची पाच आणि दोन रंग धरल्यास बावीस प्रकारचे जोड होतात. आठ आणि नऊ नंबर संपून जातात आणि सहा नंबर फळीवर पडून राहतो, त्याचे भाडे मात्र दरमहा सुरूच असते. नव्या जोडांची मागणी नोंदवून ते समुद्रमार्गे पोहोचेपर्यंत हंगाम उलटतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा तर हे अंतर आणखी वाढले. पावसाळ्यात भरलेल्या कंटेनरमध्ये झाडपाल्याने कमावलेल्या कातड्यावर बुरशी चढते, ती वेगळीच. पार्सलात शुल्क जास्त पडले तरी ते विकल्या गेलेल्या जोडावरच पडते.

हिशेबनीस:
दोघांनीही न्यू जर्सी हेच ठिकाण का धरले, ते मला कळले नाही. आपली माणसे तिकडे पुष्कळ आहेत म्हणून? अमेरिकी टपालाचे दर अंतराच्या पट्ट्यांवर ठरतात. न्यू जर्सीहून कॅलिफोर्नियाला जाणारे पार्सल आठव्या पट्ट्यात, म्हणजे १,८०० मैलांच्या पलीकडे जाते. ग्राहक दोन्ही किनाऱ्यांवर विखुरलेले असतील तर ओहायो किंवा केंटकी बरे. केंटकीतील लुईव्हिलला यूपीएस या कुरिअर कंपनीचे आणि शेजारच्या टेनेसीतील मेम्फिसला फेडेक्स या दुसऱ्या कंपनीचे मुख्य विमानकेंद्र असल्याने त्या परिसरातून रात्री उशिरापर्यंत माल देता येतो. गेल्या वर्षीच्या मागण्यांचे पिनकोड मांडा आणि त्यावरून जागा ठरवा.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. केवळ कायद्यातील सवलत पाहून जागा निवडू नये. सॅन दिएगोच्या सीमेपलीकडे, मेक्सिकोतील तिहुआना येथे अनेक विक्रेत्यांनी गोदामे घेतली होती ती याच ८०० डॉलरच्या माफीसाठी. रोज लहान पार्सले सीमेपार जात. माफी गेली आणि त्या जागेचे गणितच मोडले.

सागरमार्ग:
पिनकोडाचा मुद्दा मान्य. मापांचा मात्र नाही. सगळे नमुने तिकडे ठेवा असे मी म्हटलेलेच नाही. वर्षभर खपणारे दोन-तीन नमुने आणि त्यांची मधली मापे तिकडे ठेवावीत, बाकीचे विमानाने जावेत. परदेशी गोदामातील मालाचे पैसे १५ महिन्यांत आणले तरी रिझर्व्ह बँकेला चालते, म्हणजे माल विकायला सवडही मिळते. आणि परत आलेल्या जोडाचे आपण काय करता?

चर्मशिल्प:
सध्या तरी ग्राहकालाच ठेवून घ्यायला सांगतो, कारण तो कोल्हापूरला परत आणण्याचे भाडे जोडाच्या किमतीहून अधिक होते. तेवढ्यासाठी तिकडे एखादी फळी भाड्याने घ्यायला माझी हरकत नाही. परत आलेला आठ नंबर तेथूनच दुसऱ्याला जाईल. कंटेनर मात्र मी भरणार नाही.